काटेसाहेबांचा स्टँड

"उडाली! परत उडाली! ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण माझा पाय पायडलवर नव्हता."

"नव्हता? मग मोटर काय वाऱ्याने फिरत होती?"

"फिरतच नव्हती. मी बाही उलटी करत बसले होते. ही बघ, अजून हातात आहे."

"मी वळेपर्यंत घेतलीस हातात."

"हो, मला चार हात आहेत ना! दोन शिवायला आणि दोन तुला फसवायला."

"ताई, मी गंमत करत नाहीये."

"तू जन्मात कधी केलीस?"

भाऊ रेकॉर्ड प्लेअरपाशी उभा होता. भर बाजारात पाकीटमाराचं मनगट धरावं तशी त्याने सुईची दांडी दोन बोटांत धरली होती. ताई समोर खिडकीखाली, शिलाई मशीनवर. दोघांच्या मधे लाकडी फळ्यांची जमीन होती आणि सगळ्या भांडणाचं मूळ त्या फळ्यांतच होतं. ताईने पायडल दाबलं की मोटर घुमायची, फळ्या थरथरायच्या, ती थरथर खोली ओलांडून प्लेअरच्या टेबलापर्यंत पोचायची आणि छान रंगात आलेल्या बासरीवरून सुई टुणकन उडी मारून पुढे जायची. निदान भावाचं म्हणणं तसं होतं.

खरं विचाराल तर पाय पायडलवर होता की नव्हता हे ताईला स्वतःलाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं शिवल्यावर पाय आपला आपण चालतो. श्वास घेताना कोणी आठवण ठेवतं का? पण ही शंका भावाजवळ बोलून दाखवणं म्हणजे स्वतःच्या हाताने कबुलीजबाब लिहून देणं. म्हणून ती म्हणाली, "तो प्लेअरच मेला जुन्या बाजारातला. सुई आपल्या मनाने उडत असेल. खापर मात्र माझ्या मशीनवर."

"मशीन मागच्या खोलीत जाईल."

"मागच्या खोलीला खिडकी नाही."

"दिवा आहे."

"शाळेच्या काळ्या पँटी शिवते मी. काळ्या कापडावर काळा दोरा त्या दिव्यात दिसतो का? तू एकदा तिथे सुई ओवून दाखव, मी स्वतः मशीन उचलून नेते."

 सुई ओवायला भावाने नकार दिला नाही, होकारही दिला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे. मी स्टँड करतो. खालची थरथर वर पोचणारच नाही असा. त्याच्यावर सुई उडाली नाही, तर मशीन आहे तिथे राहील. उडाली, तर मागे. बोल, कबूल?"

"आणि उडाली की नाही ते कोण ठरवणार?"

"कान ठरवतील."

"कोणाचे?"

भाऊ तोवर टेबलाची उंची मोजायला लागला होता. तरी ताई म्हणाली, "कबूल." म्हणताक्षणी तिला वाटलं, आपण कुठेतरी न वाचता सही केली.

भाऊ वजनमापे खात्यात निरीक्षक होता. नोकरी संपली, खातं सुटलं, पण निरीक्षण काही सुटलं नाही. बाजारात त्याला तोंडावर काटेसाहेब म्हणत आणि पाठ वळली की शंकासुर. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, पोकळ करून लाखेने भरलेलं वजन, काट्याच्या दांडीला बांधलेला केसासारखा दोरा, असल्या गोष्टी हुडकण्यात त्याची हयात गेली. त्याची एक ठरलेली रीत होती. दुकानदार काय शपथा घेतोय तिकडे लक्षच द्यायचं नाही. सरळ पारडी बदलायची. डावीकडचा माल उजवीकडे, उजवीकडची वजनं डावीकडे. काटा खोटा असेल तर एका बाजूला लपवलेलं दुसऱ्या बाजूला उघडं पडतंच. मग तो "हं" म्हणायचा. त्या "हं"ने म्हणे भलेभले व्यापारी घामाघूम व्हायचे.

घरी हे सगळं ताईच्या वाट्याला आलं. नवरा गेल्यावर ती मशीन घेऊन वडिलांच्या या घरात परत आली, तेव्हा भाऊ एकटाच राहत होता. लग्न त्याने केलं नाही. ताई शेजारणींना सांगायची, "मुली आल्या होत्या सांगून. हा प्रत्येकीला पारडी बदलून बघत बसला. त्यांना कंटाळा आला." साबणाची वडी घरात आली की आधी काट्यावर चढायची, मग मोरीत जायची. चहाचे दोन कप ठेवले की भाऊ खाली वाकून दोन्हीतली पातळी बघायचा आणि कमी असलेला स्वतः घ्यायचा. पण बघायचा जरूर.

असा माणूस फक्त एका वेळी डोळे मिटायचा. दुपारी, ती बासरीची रेकॉर्ड लावली की. एरवी झोपेतही कपाळाला आठी असलेला भाऊ तेवढा वेळ खुर्चीत सैल पडायचा, त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा लोंबायचा. ताईने हे कितीदा तरी मशीनवरून चोरून पाहिलं होतं. आणि सुई उडाली की ते डोळे खाडकन उघडायचे, आणि उघडल्या उघडल्या सगळ्यात आधी तिच्या पायाकडे जायचे.

स्टँडच्या कामाला सुतार आला. हा त्यांच्या लहानपणापासूनचा शेजारी. आयुष्यभर करवतीच्या आवाजात राहून त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे तो बोलायचा ते पार खालच्या सायकलच्या दुकानात ऐकू जायचं.

"साहेब, आधी जागा शोधा! जागा वाईट तर स्टँड सोन्याचा केला तरी नाचणार!"

जागा शोधायची भावाची पद्धत ताईला पसंत नव्हती. त्याने एका पसरट वाटीत काठोकाठ पाणी घेतलं आणि ती जमिनीवर ठेवली. ताईला हुकूम झाला, मशीन चालव. ताईने चालवलं. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. भावाने वाटी वीतभर सरकवली. पुन्हा मशीन. पुन्हा सुरकुत्या. असं करत करत वाटी खोलीभर रांगली, कपाटाखालून गेली, दाराशी आली आणि शेवटी ताईच्या खुर्चीच्या पायाशी, खिडकीखाली येऊन थांबली. तिथे पाणी जवळजवळ स्थिर होतं.

"हं," भाऊ म्हणाला.

ताईने मशीन थांबवलं. "हं काय?"

"इथे खाली तुळई आहे. फळ्या हलत नाहीत. खोलीतली सगळ्यात पक्की जागा हीच."

"ती माझी जागा आहे."

"मी कुठे म्हटलं नाही म्हणून?"

"म्हटलं नाहीस. वाटीला म्हणायला लावलंस."

सुतार मोठ्याने हसला. "ताई, काळजी सोडा! तुळई काय एकटी असते? समोरच्या कोपऱ्यातही दुसरी असणार, तिथे ठेवू!" आणि त्याने कोपऱ्यात टाच आपटून पाहिली. तिथेही पाणी बऱ्यापैकी शांत निघालं. पण ताईच्या मनातलं पाणी हललं ते हललंच. ही जागा आधीपासूनच ह्याच्या डोळ्यात असेल तर? स्टँड हे नुसतं निमित्त आणि खिडकी हेच खरं सामान असेल तर?

पहिला स्टँड सुताराने जाडजूड लाकडाचा केला. दोघांनी तो धापा टाकत जिन्यावरून चढवला. वर प्लेअर ठेवला, ताईने पायडल दाबलं, आणि सुई आधीपेक्षा लांब उडाली.

"जड आहे, पण ताठ आहे!" सुतार गरजला. "खालून आलेला धक्का जसाच्या तसा वर पोचवतोय! मधे काहीतरी मऊ पाहिजे!"

मऊ वस्तू खालच्या दुकानातून आली. सायकलवाल्याने लहान मुलांच्या सायकलची एक ट्यूब दिली. ती स्टँडवर गोल मांडायची, तिच्यावर लाकडी खोका, खोक्यात वाळू, वाळूत बसवलेली दगडी फरशी आणि फरशीवर प्लेअर. ट्यूबमध्ये हवा जास्त झाली की ती दगडासारखी कडक व्हायची, कमी झाली की खोका लाकडाला टेकायचा. भाऊ पंप मारायचा, मग व्हॉल्व्ह दाबून चिमूटभर हवा सोडायचा, पाणसळ ठेवून फरशी सपाट बसली का बघायचा, मान हलवायचा, पुन्हा पंप मारायचा. सोनं तोलतानाही माणूस इतका जीव टाकत नाही.

वाळूवरून वेगळंच रामायण झालं.

"ही माझी पिठाची चाळणी आहे!"

"बारीक खडा राहिला तर फरशी कलते."

"आणि बारीक वाळू राहिली तर दात पडतात! तुझे पडू देत, मला माझे हवेत."

चाळणी गेली ती गेलीच. पण ताईला खरा घोर दुसऱ्याच गोष्टीचा लागला होता. सुतार हळू बोलायला लागला होता. ज्याला "या, बसा" म्हणताना गल्ली दचकते, तो माणूस जिन्यात भावाच्या कानाशी लागून कुजबुजत होता, आणि ताई दारात आली की दोघंही पाणसळीबद्दल बोलायला लागत. कुठेतरी नक्की पाणी मुरत होतं.

मग एके दिवशी भाऊ वाळूची घमेली उन्हात ठेवायला गच्चीवर गेलेला असताना ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर सुतार मागच्या खोलीत पट्टी धरून ओणवा.

"काय मोजताय?"

सुतार असा दचकला की पट्टी भिंतीवर वाजली. "काही नाही ताई. साहेबांनी सांगितलं म्हणून."

"काय सांगितलं?"

"लांबी-रुंदी."

"कशाची?"

"खोलीची," असं म्हणून सुतार पट्टी खिशात कोंबत, न सांगता-सवरता खाली पळाला.

ताई मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. आत धान्याचा डबा, जुनी गादी आणि भर दुपारी सांजवेळेसारखा अंधार. स्टँड अजून पुरा व्हायचाय आणि माझ्या मशीनसाठी माप घेऊन झालंसुद्धा? म्हणजे निकाल आधी लागलाय, खटला नंतर चालणार आहे. बोलला ते सगळं थोतांड. सुई आपली आपणच उडत असणार, ह्याला माहीत असणार, आणि तरी...

तिथेच तिच्या डोक्यात ते आलं. भाऊ गच्चीवर, सुतार खाली, मशीन बंद. हीच वेळ होती पारडी बदलायची.

प्लेअरला हात लावायचा नाही, असा घरातला नियम होता. कोणी तो बोलून दाखवला नव्हता, पण देवघरासारखा पाळला जायचा. ताईने झाकण उघडलं. रेकॉर्ड थाळीवरच होती. तिने कळ फिरवली, दांडी उचलली आणि श्वास रोखून सुई काठावर टेकवली. बासरी सुरू झाली. ताई हात बाजूला घेऊन उभी राहिली, एका जागी, जराही न हलता, आणि सुई उडण्याची वाट बघू लागली.

सुई उडाली नाही.

रोज जिथे उडायची ती जागा आली आणि गेली. बासरी तिथून सरळ चढत गेली, वर एका जागी थांबली, हळूच खाली उतरली. ताईने हे उतरणं यापूर्वी कधी ऐकलंच नव्हतं. तिचं मशीन नेहमी मधे आलेलं असे. म्हणजे भाऊ खरं बोलत होता. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट चीड आली. खोटा ठरला असता तर सोपं होतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. ताईने झडप घालून दांडी उचलली, पण घाईत सुई खर्रकन आडवी सरकली. तिने कळ बंद केली, झाकण लावलं, पदर सारखा केला. दारात सायकलवाला उभा होता. सीटचं कव्हर शिवून झालं का विचारायला आला होता.

त्या संध्याकाळी जेवताना भाऊ म्हणाला, "आणखी थोडीच वाळू वाळायची आहे. तोवर रेकॉर्ड बंद. मग बघू."

"बघ," ताई म्हणाली. "मला तर वाटतं दोष तुझ्या कानातच आहे." हे का म्हणाली तिचं तिलाच कळलं नाही. पण ताटातून मान वर काढली नाही.

परीक्षेच्या दुपारी सुतार नवा सदरा घालून आला. कोपऱ्यात स्टँड उभा होता: जाड पाय, ट्यूब, वाळूचा खोका, काळी फरशी. भावाने फरशीवर आधी पाण्याची वाटी ठेवली.

"चालव."

ताईने दप्तराचं जाड कापड दुहेरी करून सुईखाली घेतलं आणि पायडल पार दाबलं. मशीन गुरगुरलं, फळ्या कुरकुरल्या, कपाटातली भांडी किणकिणली. तिघांचे डोळे वाटीवर. पाणी आरशासारखं होतं. खिडकीची चौकट त्यात सरळ उभी दिसत होती.

"जिंकलात साहेब!" सुतार ओरडला. खालून सायकलवाल्याने "काय झालं?" विचारलं.

"थांबा." भावाने वाटी काढली, प्लेअर ठेवला, पाणसळ लावली, रेकॉर्ड पुसली. "ताई, तू थांबू नकोस. शिवत राहा."

बासरी सुरू झाली. ताई शिवत राहिली. रोजची जागा आली आणि गेली. भावाचे डोळे मिटायला लागले, खालचा ओठ सैल पडला. बासरी चढली, वर थांबली, उतरायला लागली.

टक्.

भावाचे डोळे उघडले. पण या वेळी ते ताईच्या पायाकडे गेले नाहीत. त्याने हात वर केला. "मशीन बंद. पुन्हा लावतो."

ताईने पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांड्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. भावाने सुई पुन्हा काठावर टेकवली. बासरी चढली, थांबली, उतरायला लागली.

टक्.

"हं," भाऊ म्हणाला. त्याने रेकॉर्ड उचलून खिडकीशी नेली आणि तिरपी धरली. उजेड गोल गोल रेषांवरून घरंगळत गेला आणि एका जागी अडखळला. आडवा ओरखडा. ताजा.

"स्टँड बरोबर आहे," भाऊ सावकाश म्हणाला. "मशीनचा दोष नाही. रेकॉर्डला कोणीतरी हात लावलाय." आणि तो सुताराकडे वळला. "मी गच्चीवर होतो तेव्हा तुम्ही घरात होतात."

"होतो. मग?"

"हातात लोखंडी पट्टी होती."

"साहेब, पट्टी माझ्या हातात नसेल तर काय बासरी असेल?"

"हसू नका. झाकण उघडलंत?"

"मी कशाला उघडू?"

"उघडलंत की नाही, एवढंच विचारतोय."

 भाऊ आता भाऊ नव्हता. बाजारातल्या दुकानासमोर उभे असलेले काटेसाहेब होते. सुताराने पिशवी जवळ ओढली, पटाशी आत टाकली, हातोडी टाकली. "इतकी वर्षं या घरात येतोय," तो म्हणाला. गल्लीला ऐकू जाणारा त्याचा आवाज खोलीतल्या खोलीतही पुरत नव्हता.

ताईला फक्त गप्प बसायचं होतं. पाणी हललं नव्हतं, मशीन निर्दोष सुटलं होतं, खिडकी तिची झाली होती. सुतार चार दिवस रुसेल, मग येईल. नाहीतर येणार नाही. तिने बोटाने दोरा तोडला.

"त्यांनी नाही. मी लावली होती."

भाऊ वळला. "तू?"

"हो."

"कशाला?"

"पारडी बदलायला. मशीन बंद असताना उडते का ते बघायचं होतं."

भावाने तिरपी धरलेली रेकॉर्ड खाली घेतली. मग त्याने तोच प्रश्न विचारला, ज्याची ती तेव्हापासून धास्ती घेऊन बसली होती. "उडाली?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. जिन्यात पाय वाजले म्हणून घाईने दांडी उचलली, तेव्हा हा ओरखडा पडला."

"म्हणजे मी खरं बोलत होतो, हे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि ताटावर बसून तू म्हणालीस, माझ्या कानात दोष आहे."

"म्हणाले! आणि तू काय केलंस? स्टँड व्हायच्या आधीच मागची खोली मोजून घेतलीस. माझं सामान अंधारात ढकलायची तयारी आधी, परीक्षा नंतर. मी कशाच्या भरवशावर बसायचं?"

"ताई, ताई," सुतार मधे पडला, हातात अजून रंधा. "ती मशीनसाठी नव्हती मोजली. साहेब म्हणाले, स्टँड फसलाच तर प्लेअरच मागे नेऊ, बासरीला काही उजेड लागत नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते, म्हणून तर..."

ताईने सुताराकडे निरखून पाहिलं. आत्ताच वाचलेला माणूस. आभार म्हणून काहीही बोलेल. डोळे मात्र सरळ होते. पण सुताराचे डोळे कधी वाकडे होते?

"खरं आहे हे?" तिने भावाला विचारलं.

भाऊ रेकॉर्डवरची धूळ फडक्याने पुसत होता. ओरखड्यापाशी येऊन फडकं थांबलं.

"अरे, बोल की. तू असं म्हणालास का?"

त्याने रेकॉर्ड पाकिटात सरकवली.

"बरं, ते राहू दे. स्टँड टिकला की नाही? तुझ्याच तोंडाने म्हणालास ना, बरोबर आहे म्हणून? मग मशीन कुठे राहणार, एवढं तरी सांग."

भावाने पाकीट काखेत धरलं, जाता जाता मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेला.